मी हलले नव्हते

सगळ्यात आधी एक सांगून टाकते. मी हलले नव्हते. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू द्या, पण त्या दिवशी दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीवर मी जागची तसूभरही हलले नव्हते.

बार्शीटाकळीच्या बाजारात माझं भाजीचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार लाकडी बल्ल्या आणि वर ताडपत्री. वांगी, मेथी, अंबाडी आमच्या वावरातली, बाकीचा माल अकोल्याहून येतो. बाजारात पार्बताबाईला सगळे ओळखतात ते भाजीमुळे कमी आणि तोंडामुळे जास्त. गिऱ्हाईकाने मेथीची जुडी उलटीपालटी केली की मी बोलते. न घेता निघाला की अजून बोलते. बोलताना माझे हात चालतात, मान चालते, पदर तर कधीच जागेवर नसतो. आमचे हे, म्हणजे पुंजाराम, चारचौघांत सांगतात, "इले पाटावर बसवली तं पाट बी चालाले लागते." गरीब माणूस आहे, पण असलं काही बोलायचं असलं की बरोबर लोक जमलेले असतात तेव्हाच बोलतो.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझी उजवीकडची खालची दाढ दुखायला लागली. लवंग धरली, तुरटी लावली, मिठाच्या पाण्याने चूळ भरून भरून तोंड खारट झालं. शेवटी रात्ररात्र झोप येईना तेव्हा यांना घेऊन अकोल्याला गेले. बाजारातल्या कोणीतरी एका नव्या दवाखान्याचं नाव सांगितलं होतं. डॉक्टर पोरसवदा होता. तोंडावर मास्क, वर दोन डोळे, ते मात्र चांगले होते. म्हणाला, "काकू, दाढ वाचते तुमची. काढायची गरज नाही. फक्त दोन-तीन वेळा यावं लागेल." दाढ वाचते म्हटल्यावर मला तो माणूस आवडलाच.

यांना बाहेर बसवलं आणि मला आत खुर्चीवर आडवं केलं. सुई टोचली. गाल, ओठ, अर्धी जीभ माझी राहिलीच नाही. मग त्याने ते मशीन हातात घेतलं आणि ते घरघरायला लागलं.

आता खरं सांगते. मी भ्याले. बाजारात शिरलेल्या सांडाला मी हातातल्या मुळ्याने हाकललेलं आहे, पण त्या घरघरीने माझे तळपाय गार पडले. भ्यालेला माणूस थरथरतो म्हणतात, माझं उलटं झालं. मी लाकूड झाले. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरले ते सोडलेच नाहीत. श्वाससुद्धा चोरून घेत होते, न जाणो पोट वर आलं आणि त्याचा हात हलला तर. म्हणून तर मी एवढ्या ठासून सांगते. जन्मात कधी मी इतकी स्थिर बसले नसेन.

आणि मध्येच डॉक्टर म्हणाला, "अरे."

मशीन बंद झालं. मला दुखलं काहीच नाही, सगळं बधिरच होतं. पण त्याने कापूस आत दाबला आणि बाहेर काढला तेव्हा तो लाल होता. दुसरा घातला, तोही लाल. मग म्हणाला, "काकू, तुम्ही हलल्या ना."

मी म्हणाले, "अँ अँ." म्हणजे नाही. पण तोंडात एवढा कापूस असल्यावर हो आणि नाही सारखंच ऐकू येतं.

गालाला आतून त्याने एक टाका घातला, दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं आणि बाहेर येऊन यांना सांगितलं, "काकू जरा हलल्या, त्यामुळे आतून थोडं लागलं. काळजीचं काही नाही, आठवड्यात भरून येईल." आणि आमच्या यांनी, माझ्याकडे साधं न बघता, मान डोलावली. "हालली असन साहेब. एका जागी बसतच नाही थे." माझ्यावर आळ आला होता आणि तोंड उघडायची सोय नव्हती. अकोल्यापासून घरापर्यंत मी बसमध्ये नुसती फुरफुरत होते.

दुसऱ्या दिवशी गाल असा सुजला की वांगी विकायला बसले तर लोक आधी गालाकडे बघत, मग वांग्यांकडे. काय झालं, कसं झालं? मला नीट बोलता येत नव्हतं, म्हणून शेजारी बसलेले हे सांगत. "डॉक्टरच्या खुर्चीवर हालली." ऐकणारा हसायचा. इंदूबाई, आमच्याच गल्लीतली, कोथिंबीर घ्यायला आली ती पोट धरून हसली. म्हणाली, "पार्बताबाई अन् खुर्चीवर निचित बसन? डॉक्टरच भोळा म्हना." दोन दिवसांत सगळ्या बाजारात झालं. जखम राहिली बाजूला, मी हलले हीच बातमी.

मला त्या टाक्याचं वाईट वाटलं नाही हो. हात सगळ्यांचेच सटकतात. माझ्या हातून तराजू सटकून गिऱ्हाईकाच्या पायावर पडलेला आहे. पण मी त्याला "तुमी पाय मधात काहून आणला" असं म्हणाले नाही. मी म्हणाले, चुकलं. एवढंच मला त्या डॉक्टरच्या तोंडून हवं होतं, की काकू, तुम्ही हलल्या नव्हत्या.

मी स्वतः सांगून काय उपयोग होता? पुरावा एकच होता, की मी भीतीने लाकूड झाले होते, आणि ते बाजारात सांगायची माझी तयारी नव्हती. एकदा का पार्बताबाई भिते हे कळलं की उद्या प्रत्येक जण मेथी उलटीपालटी करणार. म्हणून मी यांना सांगून टाकलं, पहिले डॉक्टरने म्हणावं की मी हलले नव्हते, मग दाढेचं पुढचं काम. पुढची तारीख आली आणि गेली. मी गेले नाही. सिमेंटखाली दाढ ठणकत होती ती ठणकू दिली.

शेवटी यांनाच माझं कण्हणं ऐकवेना. त्यांनी माझ्या दिराला, मोतीराम भाऊजींना, बोलावलं. आमच्या घरात भांडायचं काम भाऊजींचं. सोयरिकीत बोलणं फिसकटलं, दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून वाद झाला, की भाऊजी पांढरा सदरा घालून पुढे. सदरा घालून आले. म्हणाले, "वयनी, तुमी काही बोलू नोका. त्याच्या तोंडून मी वदवून घेतो." तरी मी बसमध्ये माझं वाक्य घोकून ठेवलं होतं. 'डॉक्टर, देवाची शपथ घ्या अन् सांगा, मी हालली होती का?' असं.

हे, भाऊजी आणि मी, तिघं दवाखान्यात शिरलो. दुपार होती, पेशंट कोणी नव्हता. मला बघून डॉक्टर उठला. "या काकू, तारीख चुकवली तुम्ही." मी हात वर केला, वाक्य ओठावर आलं, तेवढ्यात भाऊजी मध्ये पडले.

"थांबा वयनी. डॉक्टरसाहेब, पहिले एक सांगा. गाव कोणतं तुमचं?"

हा आमच्याकडचा रोग आहे. भांडायचं असलं तरी आधी गाव विचारायचं. कोणाशी भांडतोय हे कळल्याशिवाय वऱ्हाडी माणसाला भांडणात रस येत नाही. डॉक्टर म्हणाला, "दर्यापूर." भाऊजी म्हणाले, "दर्यापूर? वा. अन् सासुरवाडी?"

"अंजनगाव सुर्जी."

अंजनगाव माझं माहेर. मी इथेच सावध व्हायला हवं होतं. भाऊजींना आवरायला हवं होतं. पण मीच विचारून बसले, "अंजनगावात कोणाघरचे?"

"सहदेवराव गावंड्यांचे."

सहदेव माझा सख्खा चुलत भाऊ. त्याची पौर्णिमा म्हणजे माझी भाची. तिचं लग्न झालं लॉकडाऊनमध्ये, पंचवीस माणसांत. आम्ही इथे घरी मोबाईलसमोर बसून अक्षता टाकल्या होत्या. नवरदेवाच्या तोंडावर मुंडावळ्या आणि मास्क, त्यामुळे जवाई कसा दिसतो ते कोणालाच दिसलं नाही. नागपूरला डॉक्टर आहे एवढं कानावर होतं. दातांचा आहे आणि अकोल्याला आला आहे हे सहदेवने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. लग्नातही मास्क आणि दवाखान्यातही मास्क. ओळखणार कशी?

माझा भांडायला वर गेलेला हात तसाच पदराकडे गेला. पदर डोक्यावर आला. तो मी घेतला नाही, आपोआप आला. पन्नास वर्षांची सवय आहे, जवाई समोर दिसला की बाईचा पदर डोक्यावर जातो. भाऊजींनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मंग तं तुमी आमचे जवाईबुवा झाले."

डॉक्टर, म्हणजे पियुष, घाईघाईने वरच्या मजल्यावर हाक मारून आला. दवाखान्याच्या वरच घर. पौर्णिमा खाली आली, माझ्या पाया पडली, गळ्यात पडली. चहा झाला, चिवडा झाला. माझा गाल बघून ती म्हणाली, "आत्या, हे सांगत होते, एक काकू लय हालल्या म्हणून. थ्या तुमीच का?" आणि हसली. भाऊजी हसले, हेही हसले. पियुष हसला नाही. तो चहाच्या कपात बघत होता, हे मी पदराआडून टिपलं.

पण विचारता येईना. आमच्यात जवायाला जाब विचारत नाहीत. त्याने चुकलं म्हणून मान खाली घातली तर कमीपणा आपल्याच लेकीला, आणि त्याच्या तोंडून माफी घेणारी सासू तर मी अजून पाहिलेली नाही. त्यातून परवाच अधिक महिना लागला होता. धोंड्याचा महिना, जवायाच्या मानाचा. निघताना भाऊजींनीच मोठेपणाने सांगून टाकलं, "जवाईबुवा, रविवारी धोंडे जेवाले आमच्या इथं यायचं. वयनीच्या हातचं पुरण." भांडायला गेलेली मी, जेवायचं आवतण देऊन परत आले.

रविवारी सकाळी मी पुरण वाटत होते तेव्हा पाट्याचा आवाज चार घरं ऐकू जात असेल. हे दारात उभे राहून म्हणाले, "जाऊ दे ना आता. घरचाच माणूस निघाला."

"घरचा निघाला म्हणून माहा गाल फाटला नाही का?"

"तसं नाही वं. पण तू बी पाय, थोडीशी तं हालली असशीनच."

मी वरवंटा खाली ठेवला. हे दुकानाकडे निघून गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि या माणसाला माझा भरवसा नाही याचं मला त्या घडीला फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने पुसलं आणि पुन्हा वाटायला लागले.

दुपारी जवाई आणि पौर्णिमा आले. गल्लीतल्या बायाही जमल्या, कारण लॉकडाऊनमधला जवाई कोणीच पाहिला नव्हता. मीही त्या दिवशी पदराआडूनच पाहिला होता, आज मास्कशिवाय नीट पाहिला. विरळ मिशा, गालावर खळी, अगदी पोरगंच. पाटावर बसवलं, परातीत पाय ठेवले. यांनी पाणी घातलं, मी पाय धुतले. नवा टॉवेल, टोपी, शर्टाचं कापड दिलं. मग ओवाळायचं ताट घेतलं आणि कुंकू ओलं करायला बोट पाण्यात बुडवलं, तेव्हा मला सुचलं. आधी ठरवलेलं काही नव्हतं. पाणी जरा जास्त घेतलं, एवढंच.

अनामिकेने कुंकू उचललं, जवायाच्या कपाळावर टेकवलं, आणि तिथे न थांबता बोट सरळ खाली आणलं. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत लाल पट्टा. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शांतपणे म्हणाले, "हालले ना जवाईबुवा तुमी."

एकच हशा झाला. इंदूबाई म्हणाली, "हालले, हालले, मी पायलं." ती तर पौर्णिमाच्या साडीचा काठ बघत होती. भाऊजी म्हणाले, "जरासे हाललेच." आणि आमचे हे, तांब्या हातात धरून उभे, तेही म्हणाले, "हो, हालले बा थोडेसे."

"नाही, मी नाही हललो," पियुष चटकन म्हणाला. आणि मग तो थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. सासूने जवायाच्या डोळ्याला डोळा देऊ नये, पण मी दिला. त्याचे कान हळूहळू लाल झाले, कुंकवाइतके.

"आत्या," तो म्हणाला, "मी हललो नाही. आणि त्या दिवशी तुम्हीपण हलल्या नव्हत्या. माझा हात सटकला."

पौर्णिमाचं हसू थांबलं. भाऊजी घाईने म्हणाले, "अहो जवाईबुवा, इथं असं नसते म्हणाचं."

"म्हणू द्या काका. रक्त पाहून मी घाबरलो. दवाखाना नवीन. तोंडातून निघून गेलं की तुम्ही हलल्या. बाहेर येऊन, तिथे बसलेल्या या तांब्यावाल्या काकांनाही तेच सांगितलं. मग परत कसं फिरवणार? तुम्ही तारखेला आल्या नाहीत तेव्हापासून रोज वाटत होतं, या काकूंना फोन करावा. हिंमत नाही झाली. चुकलं माझं, आत्या."

हे वाक्य ऐकायला मी जीव टाकत होते. मनात किती वेळा ठरवलं होतं की तो असं म्हणाला की सगळ्या गल्लीकडे वळायचं, एकेकीचं नाव घ्यायचं आणि विचारायचं, आयकलं का. यांना तर नक्कीच विचारायचं होतं. पण समोर पाटावर लाल नाकाचं पोरगं मान खाली घालून बसलेलं. मला त्याची माया आली. दुसरं काही आलंच नाही.

"भेली तं मी बी होती," मी म्हणाले. आवाज माझाच, पण एवढा हळू कधी निघाला नव्हता. "म्हणूनच मले पक्कं माईत होतं. भेवानं लाकूड झाली होती मी त्या खुर्चीवर. हालायची ताकदच नव्हती. सांगायची लाज वाटे, म्हणून कोणाले सांगितलं नाही."

कोणी हसलं नाही. यांनी तांब्या खाली ठेवला. माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "मले तरी सांगायचं होतं." मी म्हणाले, "तुमी इचारलं होतं का?" नंतर दिवसभर ते प्रत्येकाला बोलावून बोलावून सांगत होते, आमची हालली नव्हती.

तेवढ्यात इंदूबाई, बाजारात सगळ्यात जास्त हसलेली तीच, पुढे सरकली. "पार्बताबाई, मी तं दोन सालापासून सडकी दाढ घेऊन बसली आहो. भेवापाई जातच नाही." तिच्यामागून दुसरी म्हणाली, माहीही हालते. तिसरीने तर तोंडच उघडलं. पौर्णिमा ओरडून म्हणाली, आधी त्यांना जेवू तर द्या. ती पियुषच्या नाकावरचं कुंकू पुसायला गेली तर तो म्हणाला, राहू दे. तसाच लाल नाकाने जेवायला बसला. धोंडे, अनारसे, कढी, वर तूप. चांगला जेवला. मी डाव्या बाजूने चावून चावून दोन धोंडे खाल्ले. जेवण झाल्यावर गल्लीतल्या बाया ओसरीवर ओळीने बसल्या आणि जवाईबुवा मोबाईलचा उजेड पाडून एकेकीची दाढ बघत सुटले. भाऊजींनीही हळूच आपली बघून घेतली.

मंगळवारी मी अकोल्याला गेले. हे बाहेर नाही बसले, आत आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. पियुषने मास्क लावायच्या आधी मला विचारलं, "आत्या, आजपण भीती वाटते का?"

"वाटते."

"मलापण. आपण असं करू, तुम्ही डावा हात वर केला की मी तिथल्या तिथे मशीन थांबवतो. कितीही वेळा करा."

सुई टोचली. गाल गेला, ओठ गेला. मशीन घरघरायला लागलं आणि माझे तळपाय गार पडायला लागले. मी डावा हात वर केला. मशीन लगेच बंद झालं. त्याने मशीन बाजूला धरलं, तोंडातला कापूस काढला आणि वाकून विचारलं, "काय झालं आत्या? दुखलं?"

"काई नाही," मी अर्ध्या जिभेने म्हणाले. "थांबता का थे पायलं."

आणि मी तोंड उघडलं.